सातवा ठोका

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. हसलात ना? हसा. पण मी दाराची फळी नाही, खाटेची नाही, दुकानातल्या मांडणीचीही नाही. मी वाजायची फळी आहे. पुरुषभर लांब, चार बोटं जाड, दोन साखळ्यांनी छपराखाली टांगलेली. शेजारी खुंटीला माझी लाकडी मोगरी अडकवलेली असते. मला मोजून मारतात. मोजताना कुणी चुकलं की मला आजही राग येतो, हे आधीच सांगून ठेवते.

मी मुळात या मठाच्या आवारातलं अक्रोडाचं झाड. एका वादळात आडवी झाले. त्या वेळच्या सुतारबाबांनी मला चिरलं आणि जेवणघरासाठी टेबल करायचं ठरवलं. रंधा मारून झाल्यावर त्यांनी सहज बोटाच्या पेरानं मला ठोकून पाहिलं. मी अशी काही खणखणले की ते दोन पावलं मागे सरले. मग म्हणाले, "हिचं टेबल करायचं? म्हणजे गाणाऱ्याला हमालीला लावायचं! छे, छे." आणि मी टेबल व्हायची वाचले.

आता मठाबद्दल सांगते. हा कामाचा मठ आहे. इथे नुसते डोळे मिटून बसून भागत नाही. कुणी पाव भाजतं, कुणी मेणबत्त्या ओततं, कुणी गाई सांभाळतं. त्या कामांवरच मठाचं पोट चालतं. आणि इथला एक नियम फार जुना आहे. सकाळी उठल्यापासून दुपारी बाराच्या जेवणापर्यंत कुणी चकार शब्द काढत नाही. हातानं काम करायचं, खुणेनं बोलायचं. राग आला तरी तो बारापर्यंत सांभाळून ठेवायचा. बहुतेकांचा तोवर निवतो, आणि ज्याचा निवत नाही तो जेवताना भाजीवर काढतो.

मग एकानं दुसऱ्याला हाक कशी मारायची? तिथे मी लागते. इथे प्रत्येकाचा एक आकडा आहे. एक ठोका म्हणजे थोरले बाबा, मठाचे प्रमुख. दोन म्हणजे भट्टीबाबा. तीन म्हणजे मेणबाबा. पाच सुतारबाबा, सहा गाईबाबा, सात औषधबाबा, आठ पाहुणेबाबा. असे अकरापर्यंत आकडे आहेत. आपला आकडा ऐकला की हातातलं काम टाकून यायचं. कणीक हाताला तशीच राहू दे, चप्पल एकाच पायात असू दे, पण यायचंच. आणि न मोजता भराभर ठोके पडले, तर सगळ्यांनी धावत यायचं.

तुमच्या लक्षात आलं असेल, मी चार सोडले. चार हा बागबाबांचा आकडा. दोन हिवाळ्यांमागे ते गेले. गेलेल्या माणसाचा आकडा इथे नवं माणूस मिळेपर्यंत रिकामा ठेवतात. त्यांची कामं मात्र वाटून घेतात. बागेला पाणी एकानं घेतलं, छाटणी दुसऱ्यानं घेतली, गांडुळांचा खड्डा गाईबाबांच्या गळ्यात पडला. एक काम तेवढं राहून गेलं. बागबाबा वर्षातून दोनदा मला तेल लावायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं, आपले लावायचे. जुन्या सदऱ्याचं फडकं घ्यायचे, पाठपोट नीट चोळायचे, वर पाठीवर थाप मारायचे. ते हे करतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं, मग वाटून कोण घेणार? मी पहिल्या उन्हाळ्यात कोरडी पडले. दुसऱ्या हिवाळ्यात मला तडा गेला.

तडा आधी केसाएवढा होता. मग त्यात नख जाऊ लागलं. माझा आवाज बसला. एके दिवशी गाईबाबांना सहा ठोके दिले, ते गोठ्यापर्यंत पोचलेच नाहीत, आणि एक वासरू भाजीच्या वाफ्यात शिरून पोटभर जेवून आलं. त्या दुपारी बारानंतर सुतारबाबांनी मला हात लावून पाहिलं. ते म्हणाले, "थोरले, ही आता फार दिवसांची नाही. जोरात मारली तर उभी फाटेल." मग शहरातून विजेची घंटा आली. खोकं माझ्याच पायाशी ठेवलं. वायरमन उद्या येणार होता. मला उतरवून माझी गव्हाण करायची असं ठरलं.

गव्हाण! मित्रांनो, गाईंबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. पण ज्या लाकडाचं टेबल करायला सुतार धजावला नाही, त्यात आता कडबा टाकणार होते. मला वाईट वाटलं. रागही आला. आणि मी ठरवून टाकलं, उद्या उतरवायचं तर उतरवा, पण आजचा शेवटचा ठोका मी असा वाजेन की गोठ्यातल्या गाईंनीसुद्धा मान वर केली पाहिजे.

नेमकी त्याच शेवटच्या दिवशी सकाळी शाळेची सहल आली.

चाळीस मुलं, एक बाई आणि एक ड्रायव्हरकाका. बसमधून उतरताना असा कलकलाट झाला की छपरावरची कबुतरं उठली. पाहुणेबाबा दाराशी उभे होते. पाहुण्यांशी बोलावं लागतं म्हणून मठात सकाळी बोलायची मुभा फक्त त्यांना आहे. ते हळू आवाजात म्हणाले, "मुलांनो, इथे बारापर्यंत कुणी बोलत नाही. जमेल तुम्हाला?" "होऽऽ!" असं चाळीस जण ओरडले. बाईंनी कपाळाला हात लावला.

खरं तर ओरडणारे एकोणचाळीसच होते. एका मुलीचं तोंड उघडलं, पण आत काही वाजलं नाही. तिला सगळे 'भोंगा' म्हणत. वर्गात सर्वांत मोठा आवाज तिचा. मैदानाच्या त्या टोकाच्या माणसाला बोलवायचं असलं की शाळेतले शिपाईमामासुद्धा तिलाच पुढे करत. ती बसमध्ये अडीच तास बेंबीच्या देठापासून गात आली होती, आणि पोचेपर्यंत तिचा घसा पार बसला होता. "भोंग्याची बॅटरी संपली!" असं म्हणून मुलं खिदळत होती. ती हाताच्या घड्या घालून, गाल फुगवून उभी होती. तिला पाहिलं आणि मला एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आवाज बसलेलं दुःख आवाजवाल्यालाच कळतं.

पाहुणेबाबांनी मुलांना माझ्यापुढे बसवलं आणि आकडे समजावून सांगितले. बाकीची मुलं प्रश्न विचारत होती. झोपेत आकडा ऐकला तर काय, अंघोळ करताना ऐकला तर काय, वगैरे. भोंग्याला विचारता येईना, म्हणून ती वहीत लिहून घेत होती. एक थोरले. दोन भट्टी. तीन मेण. चार, पुढे रेघ. पाच सुतार. सगळं नीट लिहिलं. मला ती मुलगी आवडली. मोजणारी माणसं मला आवडतातच.

"आणि सगळ्यांना एकदम बोलवायचं असेल तर?" वर्गाच्या मॉनिटरनं विचारलं.

"भराभर मारायचं, न मोजता," पाहुणेबाबा म्हणाले, आणि बाईंना काही दाखवायला वळले. चूक त्यांचीच. चाळीस मुलांकडे पाठ कधी करू नये.

मॉनिटरनं मोगरी उचलली आणि मला बदडायला सुरुवात केली. ज्याला वर्गाची शिस्त सांभाळायला नेमलं होतं, तोच! धडाधड ठोके पडले. माझ्या तड्यातून कळ निघाली. आणि सगळा मठ धावत आला. भट्टीबाबांचे हात कोपरापर्यंत पिठात होते. सुतारबाबांच्या कानावर पेन्सिल, दाढीत भुसा. एका बाबांचं अर्धंच डोकं भादरून झालं होतं आणि उरलेल्या अर्ध्यावर साबणाचा फेस होता. मुलांनी तोंडात बोळे कोंबले तरी हसू फुटत होतं. सर्वांत शेवटी मेणबाबा आले. ऐंशी वर्षांचे, मठातले सर्वांत वडीलधारे, धापा टाकत, हातात वातींचा गुंडा तसाच.

आणि मित्रांनो, गंमत बघा. कुणीही रागावलं नाही. रागावणार कसं? बारा वाजायचे होते! सगळे नुसते उभे राहून त्या मॉनिटरकडे बघत राहिले. त्यापेक्षा दोन धपाटे बरे, असं त्याला झालं असावं. त्याचे कान लालबुंद झाले. मग थोरल्या बाबांनी एक खूण केली. दोन्ही तळहात कानांवर ठेवले आणि बसकडे बोट दाखवलं. म्हणजे, ही मुलं जाईपर्यंत असे भराभर ठोके ऐकले तरी कुणी यायचं नाही. सगळे परत कामाला गेले. पाहुणेबाबा ओशाळले आणि मुलांना घेऊन लांबच्या फळबागेकडे निघाले. बाईंनी मॉनिटरचा हात घट्ट धरला होता.

भोंगा तेवढी मागे राहिली. तिला माझा तडा दिसला होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि वहीत माझं चित्र काढायला बसली. तडा काढला, साखळ्याही काढल्या. बागबाबांनंतर इतकं निरखून मला कुणी पाहिलंच नव्हतं.

माझ्या बरोबर समोर मेणघराची खिडकी आहे. त्या खिडकीतून धूर यायला लागला.

झालं होतं असं. मेणबाबा धावत आले तेव्हा शेगडीवर मेणाचं मोठं पातेलं तसंच राहिलं होतं. परत जाताना त्यांना ते आठवलं, त्यांनी घाई केली, आणि आत पाऊल टाकताच सांडलेल्या मेणावरून त्यांचा पाय घसरला. पाय मोडला. उठता येईना. पातेलं तापत होतं. मेण जास्त तापलं की आधी धूर सोडतं आणि मग पेट घेतं. मेणबाबांना हे सगळ्यांहून चांगलं ठाऊक होतं. जमिनीवर पडून ते त्या पातेल्याकडे बघत होते.

पण ते ओरडले नाहीत. साठ वर्षांत बाराच्या आधी त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. हाड मोडलं तरी सवय मोडली नाही. अशी चूक, मित्रांनो, फक्त आमच्या मठातलाच माणूस करू जाणे.

भोंग्यानं खिडकीतून आत पाहिलं. आत न ओरडणारे आजोबा, बाहेर ओरडू न शकणारी मुलगी. तिनं तोंड उघडलं, तर तेल न घातलेल्या बिजागरीसारखा बारीक आवाज निघाला. आजोबांनी पातेल्याकडे बोट दाखवलं. ती आत धावली, पातेल्याच्या कानाला हात घातला आणि चटका बसून मागे आली. ते दोन दांडग्या माणसांनी उचलायचं पातेलं. ती बाहेर पळाली. आधी भट्टीकडे गेली. कणकेला वारा लागू नये म्हणून दार आतून लावलेलं होतं. तिनं दारावर बुक्क्या मारल्या. भट्टीबाबांनी खिडकीच्या काचेतून पाहिलं, शाळेचा गणवेश दिसला, आणि बोट नाचवून दम दिला. पुन्हा खोडी! ते आत गेले.

मग ती माझ्याकडे आली. तिनं मोगरी घेतली आणि भराभर मारायला लागली. मी जीव तोडून वाजले. कुणी आलं नाही. येणार कसं? सगळ्यांनी मनातल्या मनात कानांवर हात ठेवले होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मेणघराचा धूर आता काळा व्हायला लागला होता.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, वही! वही बघ! पण मला कुठलं तोंड? मला मारलं तरच मी बोलते.

ती थांबली. सदऱ्याच्या बाहीला नाक पुसलं. आणि खरंच तिनं वही उघडली.

तिनं दोन ठोके मारले. मोजून, स्वच्छ, मध्ये नीट थांबून.

भराभर ठोक्यांना येऊ नका म्हणून थोरल्यांनी सांगितलं होतं. पण आपला आकडा? आपला आकडा ऐकून जागचं न हलणारा माणूस या मठात जन्मला नाही. भट्टीचं दार उघडलं. भट्टीबाबा कपाळाला आठ्या घालून आले, आणि तिच्या बोटाच्या दिशेनं धूर दिसताच त्यांच्या आठ्या कुठल्या कुठे गेल्या. ते मेणघराकडे धावले. तिनं लगेच पाच मारले. सुतारबाबा आले. दोघांनी ओली पोती हाताला गुंडाळून पातेलं शेगडीवरून उचललं आणि बाहेर मातीत नेऊन ठेवलं. त्यावर झाकण पडलं तेव्हा कडेनं निळी ज्योत नुकती निघाली होती.

मग त्यांनी मेणबाबांना उचलून बाहेर आणलं. धूर छातीत गेला होता. चेहरा मेणासारखाच पांढरा पडला होता, डोळे मिटत होते. भट्टीबाबांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि भोंग्याकडे बघून हाताची बोटं वर केली. पाच आणि दोन.

सात. औषधबाबा. त्यांची खोली पार मागच्या बाजूला, गोठ्याच्याही पलीकडे. जिथे माझा आवाज महिनाभर पोचलाच नव्हता.

माझा तडा आता वरपासून खालपर्यंत गेला होता. दोन्ही बाजूंना धरून ठेवायला बोटभर लाकूड उरलं होतं. मला कळत होतं. आणि हेही कळत होतं की सातातला एक ठोका जरी मुका गेला तर सहा होतील. सहा म्हणजे गाईबाबा. ते बिचारे धावत येतील, पण माणसाच्या छातीतलं त्यांना काय कळतं! चूक माणूस येईल, आणि बरोबर माणूस खोलीत बसून मुळ्या कुटत राहील.

मी ठरवलं. सहा नाही. सात म्हणजे सातच.

एक. दोन. तीन. मुलीनं पाय रोवले होते, ओठ चावला होता. चार. त्या चौथ्याला मला बागबाबांचं फडकं आठवलं. पाच. लाकूड करकरलं. सहा. मी फाटायला लागले, मित्रांनो, ती कळ मी सांगू शकत नाही. मुलीनं मोगरी दोन्ही हातांनी धरून डोक्याच्या वर नेली. मी मनात म्हटलं, मार, पोरी. माझी काळजी करू नकोस. मार!

सात.

तो ठोका मी सगळ्या जन्मात वाजले नव्हते असा वाजला. भिंतीवर आपटून परत आला. लांबच्या बागेत बाईंनी दचकून मान वळवली. आणि मी उभी फाटले. माझी एक बाजू साखळीला लोंबकळत राहिली, दुसरी धाडकन जमिनीवर पडली, विजेच्या घंटेच्या खोक्यावरच.

औषधबाबा एका पायात चप्पल घालून आले.

त्यांनी मेणबाबांना कुशीवर वळवलं, छाती चोळली, नाकाशी काहीतरी उग्र धरलं. मेणबाबा खोकले. पुन्हा खोकले, आणि त्यांनी डोळे उघडले. तोवर थोरले बाबा आले होते. त्यांनी धूर पाहिला, पातेलं पाहिलं, मोडलेला पाय पाहिला. आणि बारा वाजायच्या आधी, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, पाहुणेबाबा सोडून दुसऱ्या बाबांच्या तोंडून मोठ्यानं शब्द उमटले.

"अहो, ओरडायचं की हो!" थोरले बाबा म्हणाले.

मेणबाबांनी क्षीण आवाजात उत्तर दिलं, "बारा... वाजायचे होते."

भट्टीबाबांना आधी हसू आलं आणि मग रडू आलं. पिठाचे हात तोंडाला लावून ते तिथेच बसले. त्यांना मुलीला दम दिल्याचं आठवत असावं. ते उठले आणि तिच्या भाजलेल्या बोटांवर स्वतः गार पाणी ओतत राहिले. मॉनिटर बागेतून परत आला तो थेट मेणबाबांपुढे जाऊन उभा राहिला. "आजोबा, चूक माझी आहे," एवढंच म्हणाला. त्यांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. बारा वाजून गेले होते, पण ते बोलले नाहीत. पुरेसं बोलून झालं होतं बहुतेक.

दुपारी बस निघाली. मुलं जागेवर बसली, ड्रायव्हरकाकांनी गाडी चालू केली. तेव्हा थोरल्या बाबांनी खाली पडलेला माझा तुकडा सुतारबाबांना दोरीनं टांगून धरायला सांगितला, आणि मोगरी घेतली. मला वाटलं, आता मी काय वाजणार? अर्धी मी, अर्धा माझा आवाज. पण वाजले. बारीक, पण स्वच्छ.

एक. दोन. तीन. चार.

मठातली सगळी माणसं जागच्या जागी थांबली. दोन हिवाळे तो आकडा कुणी वाजवला नव्हता. बसमध्ये भोंग्यानं वही उघडली. चारपुढे नुसती रेघ होती. ती क्षणभर बघत राहिली, मग बाईंना ओलांडून, दप्तर तिथेच टाकून, खाली उतरून धावत आली. धापा टाकत थोरल्यांपुढे उभी राहिली आणि मान उडवून विचारलं, काय?

"काही नाही," थोरले म्हणाले. "येतेस का, ते बघायचं होतं. आलीस. आजपासून चार तुझा. पण आमच्याकडे रिकामा आकडा मिळत नाही हं, बरोबर काम येतं. बागबाबा हिला तेल लावायचे. ते आम्हाला कुणाला कळलं नाही. सुतारबाबांना आज कळलं, बागबाबा आपल्या अवजारांना लावायचे तेच तेल तड्यात आत मुरलेलं दिसलं तेव्हा. वर्षातून दोनदा यायचं. जमेल?"

तिनं तोंड उघडलं. घशातून घोगरा, फाटका, पण आवाज निघाला. "जमेल."

मित्रांनो, विजेची घंटा लागली. ती गोठ्याशी असते, आणि चांगली वाजते, खोटं कशाला बोलू? माझी गव्हाण झाली नाही. माझा मोठा तुकडा जुन्याच जागी आहे. लहान तुकडा मेणघरात शेगडीपाशी टांगलाय, जमिनीपासून वीतभर वर, पडलेल्या माणसाचा हात पोचेल असा. मेणबाबा काठी टेकत येतात आणि रोज त्याला नाक मुरडतात. मी पुन्हा पडणार नाही, म्हणतात. पडू नकाच. पण पडलात तर मी आहे.

तुम्हाला एकच मागणं आहे. तुमच्या घरात, शाळेत एखादं काम कुणीतरी गुपचूप करत असतं. कुणी नळ घट्ट बंद करतं, कुणी खिडकीच्या कड्या लावतं, कुणी झाडाला उरलेलं पाणी घालतं. ते माणूस आहे तोवर बघून ठेवा, ते काय काय करतं. माणूस जातं, पण त्याचं काम तिथेच वाट बघत उभं राहतं, आणि वाट बघून बघून त्याला तडा जातो.

परवा सुट्टी लागली. सकाळी दारात एक मुलगी आणि तिचे वडील उतरले. तिच्या हातात तेलाची बाटली होती आणि जुन्या सदऱ्याचं फडकं. बारा वाजायचे होते, म्हणून ती काही बोलली नाही. तिनं माझी पाठ चोळली, पोट चोळलं, फाटलेली कड सावकाश चोळली. काम झाल्यावर पाठीवर एक थाप मारली.

ती थाप तिला कुणी शिकवली नव्हती.